अंगणाला हिरवा पडदा

पालघरहून बोईसरमार्गे तारापूरकडे निघाले की जुन्या घरांभोवतीचा एक बदल सहज डोळ्यांत भरतो. जिथे पूर्वी वई असायची, म्हणजे कोयनेल, अडुळसा, मेंदी, निरगुडीचे जिवंत कुंपण, तिथे आता सिमेंटच्या भिंती उभ्या आहेत. काही सहा फुटी, काही नऊ फुटी. भिंतीने भागले नाही तिथे वर पत्रे नाहीतर हिरवे जाळीचे कापड.

याचे कारण समजण्यासारखे आहे. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढत गेली, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. माणसे आली, इमारती आल्या. ज्या अंगणात आपल्या आया-बहिणी निर्धास्तपणे पापड वाळवायच्या, न्हाऊन केस सुकवत बसायच्या, नळाशी वुजू करायच्या, त्या अंगणावर आता तिसऱ्या मजल्याची गॅलरी उघडते. समोरच्या माणसाची नजर वाईट असते असे नाही. तो बिचारा आपल्या घरात उभा असतो. पण घरची बाई अंगणात यायची थांबते. घर तेवढेच राहते, वापरायची जागा मात्र कमी होते. म्हणून भिंत चढते.

भिंतीबद्दल माझी तक्रार एवढीच की ती घालताना आपण एक साधा प्रश्न विचारत नाही. आपल्याला नेमके काय अडवायचे आहे? नजर, वारा की शेळी? या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिन्हींसाठी लागणारी झाडेही वेगळी आहेत. हा प्रश्न आधी सोडवला तर बहुतेक घरांना भिंतीची गरज उरत नाही, आणि ज्यांना उरते त्यांनाही ती चार-पाच फुटांपुरतीच लागते.

नजर अडवायची असेल तर

इमारतीतून अंगण दिसते म्हटले की बहुतेक जण हद्दीच्या टोकाला, म्हणजे त्या इमारतीच्या जवळ, उंच झाडे लावतात. साधारणतः आसुपालव. आपण त्याला अशोक म्हणतो, पण खरा सीताअशोक वेगळा. आसुपालव सरळ खांबासारखा वाढतो, जागा कमी घेतो, बाराही महिने हिरवा राहतो. त्यामुळे त्याला मागणी आहे. पण तो टोकाला लावला तर पडदा व्हायला किती वर्षे लागतील, याचा हिशेब कोणी करत नाही. दहावीच्या भूमितीत मुले समरूप त्रिकोण शिकतात. इथे तेच गणित लागते.

समजा समोरची खिडकी जमिनीपासून ३० फूट उंच आहे आणि तुम्ही अंगणात जिथे उभ्या राहता तिथपासून ६० फूट लांब आहे. तुमची उंची ५ फूट धरू. खिडकीतून तुमच्या डोक्यापर्यंत एक तिरपी रेषा काढा. झाड तुमच्यापासून ४८ फुटांवर, म्हणजे हद्दीच्या टोकाला असेल तर ती रेषा अडवायला झाडाची उंची २५ फूट लागेल. तेच झाड तुमच्यापासून १२ फुटांवर असेल तर १० फुटांत काम होते. पंचवीस फुटी आसुपालव व्हायला कित्येक पावसाळे जातील. दहा फुटांची आडोशाची रांग तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात तयार होऊ शकते, आणि तोवर बांबूच्या कामट्यांची जाळी उभारून तिच्यावर वेल चढवला तर पुढच्याच वर्षी आडोसा मिळतो.

म्हणून आधी अंगणात बसायची जागा ठरवा. मग तिथून वर पाहा आणि कुठली खिडकी दिसते ते बघा. सगळ्या हद्दीला पडदा लागतच नाही. पुष्कळदा एका कोपऱ्यातली पंधरा-वीस फुटांची रांग पुरते. बाकीचे अंगण उजेडाला मोकळे राहते. वाळवणाला ऊन लागते, हे विसरून चालणार नाही.

आसुपालव लावायचाच असेल तर दोन झाडांत चार-पाच फूट अंतर ठेवा. समुद्राच्या अगदी तोंडावर तो लावू नये. खाऱ्या वाऱ्याने त्याची पाने करपतात. विजेच्या तारांखाली तर कुठलेच उंच झाड नको. दरवर्षी महावितरणची माणसे येऊन शेंडे तोडणार आणि पडदा पुन्हा उघडा पडणार.

वारा अडवायचा असेल तर

किनाऱ्याच्या गावांचा प्रश्न वेगळा. केळवे, शिरगाव, चिंचणी, डहाणू, बोर्डी इथे समुद्रकाठी सुरूची बने आहेत. बाहेरून आलेला पाहुणा त्यांच्या सावलीत बसून फोटो काढतो. पण मागच्या वाड्यांच्या दृष्टीने ती बने म्हणजे दाराची कडी आहे. ती नसतील तर वाळू, मीठ आणि वारा थेट वाडीत शिरतात.

'सुरू' हे नाव उर्दू वाचणाऱ्यांना ओळखीचे वाटेल. फारसीतला 'सर्व' तो हाच शब्द. उर्दू शायरीत सडपातळ, उंच बांध्याला ज्याची उपमा देतात ते झाड. गंमत अशी की शायरीतले सर्व आणि आपल्या किनाऱ्यावरचे सुरू ही दोन अगदी वेगळी झाडे आहेत. आपले सुरू मूळचे ऑस्ट्रेलिया, आग्नेय आशिया आणि पॅसिफिक बेटांकडचे. १८६८ च्या सुमारास ते कारवारला लावले गेले आणि तिथून किनाऱ्यावर पसरत गेले. त्याच्या ज्या हिरव्या सुया दिसतात त्या पाने नव्हेत, बारीक फांद्या आहेत. खरी पाने त्या सुयांच्या सांध्यांवर खवल्यांसारखी चिकटलेली असतात. एक सुई हातात घेऊन ओढा, सांध्यावर ती तुटते. मुलांना हे करून दाखवले की झाड कायमचे लक्षात राहते. पानांचा पसारा नाही, त्यामुळे खारे पाणी उडाले तरी सुरू तग धरते. त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, म्हणून ते निव्वळ वाळूतही वाढते.

पण सुरूचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते वाऱ्याला पूर्ण अडवत नाही. हे ऐकून अनेकांना नवल वाटते. वारा भरीव भिंतीवर आदळला की तो उसळी मारून वरून जातो आणि पलीकडे थोड्याच अंतरावर गरगरत खाली येतो. उंच भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात पाला आणि प्लास्टिकच्या पिशव्या गोल फिरताना तुम्ही पाहिल्या असतील. तो हाच भोवरा. झाडांच्या रांगेतून मात्र थोडा वारा गाळून आत येतो. त्याचा जोर फांद्यांत मोडलेला असतो, आणि हाच गाळलेला वारा वरून येणाऱ्या वाऱ्याला खाली आदळू देत नाही. म्हणून वाऱ्याची चांगली आड निम्मी भरीव, निम्मी पोकळ असावी असे जाणकार सांगतात. अशी आड तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर स्पष्टपणे कमी करते, त्याच्याही पुढे थोडाफार परिणाम राहतो. सुरूची रांग ३० फुटांची असेल तर मागे ३०० फूट जमीन तिच्या आश्रयाला येते. नऊ फुटी भिंतीच्या हिशेबात हे बसणार नाही.

खात्री करायची तर घरच्या मुलांना कामाला लावा. चार काठ्यांना जुन्या ओढणीच्या पट्ट्या बांधा. दोन भिंतीमागे आणि दोन झाडांच्या रांगेमागे, थोड्या थोड्या अंतरावर रोवा. दुपारचा समुद्रावरचा वारा सुटला की पाहा. भिंतीमागची पट्टी कधी पुढे, कधी मागे, कधी वर फडफडते. झाडांमागची एकाच दिशेला, हलकी हलते. वही-पेन्सिल दिली तर मुले तक्ताही करतील.

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या चिकूच्या वाड्यांना ही वाऱ्याची आड फार मोलाची. चिकूच्या झाडावर फुले, कोवळी फळे आणि तयार फळे एकाच वेळी असतात. त्यामुळे वादळी वारा कुठल्याही महिन्यात आला तरी काही ना काही गळतेच. आंब्यासारखा एकदाच हंगाम असता तर बाकीचे महिने निवांत गेले असते. म्हणून नवी वाडी करताना आडीची झाडे कलमांच्या आधी, निदान एक-दोन वर्षे तरी अगोदर लावावीत, हा जुना सल्ला आजही खरा आहे.

लावायची कुठे? आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. म्हणून रांग वाडीच्या पश्चिम आणि दक्षिण अंगाला, वाऱ्याला आडवी. दोन किंवा तीन ओळी, झाडांत साधारण सहा फूट अंतर, आणि पुढच्या ओळीतल्या फटीसमोर मागच्या ओळीतले झाड. रांगेत मध्येच वाट ठेवू नका. तिथून वारा बोगद्यातून यावा तसा जोरात घुसतो. वाट लागलीच तर ती तिरपी ठेवावी. सुरूची मुळे पसरून पिकाचे पाणी ओढतात, म्हणून आड आणि पहिली चिकूची ओळ यांत भरपूर जागा सोडून मध्ये तीन फूट खोल चर खणतात.

सुरूला दोषही आहेत. त्याच्याखाली सुयांचा जाड थर साचतो आणि दुसरे काही फारसे उगवत नाही. मोठे झाड मुळाशी तोडले तर ते पुन्हा नीट फुटत नाही. आणि ते जोरदार वादळात पडते. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले तेव्हा पालघर जिल्ह्यात झाडे किती आडवी झाली, हे सगळ्यांनी पाहिले. धडा असा की उंच झाड घरापासून निदान त्याच्या पूर्ण वाढीइतक्या अंतरावर असावे, आणि सगळी भिस्त एकाच जातीवर नसावी.

आपल्या किनाऱ्याची स्वतःची झाडेही आहेत. उंडी घ्या. चकचकीत, जाड पानांचे, खारा वारा सोसणारे सदाहरित झाड. तिच्या बियांच्या तेलावर कोकणात दिवे जळत आणि ते होड्यांनाही लावत. भेंड, करंज, बकुळ ही झाडेही किनाऱ्यावर टिकतात. ती सुरूपेक्षा हळू वाढतात, पण टिकाऊ आहेत. समुद्राकडे सर्वांत पुढे कोयनेल आणि केवड्याची बुटकी ओळ, तिच्यामागे उंडी-भेंड, आणि मागे सुरू, अशा पायऱ्या केल्या तर वारा वर चढत जातो आणि एखादे सुरू पडले तरी आड मोडत नाही.

हे काम नुसते घरगुती नाही. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात मैदानी प्रदेशातली माती वाऱ्याने उडून जाऊ लागली, धुळीच्या वादळांनी शेतकरी देशोधडीला लागले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात १९३४ मध्ये झाडांच्या आडी लावण्याची योजना मंजूर झाली. १९४२ पर्यंत सुमारे २२ कोटी झाडे लागली. रांगा एकापुढे एक ठेवल्या तर लांबी जवळजवळ ३०,००० किलोमीटर भरेल. त्या आडी शेतकऱ्यांच्या बांधांवर होत्या, आणि त्यांची निगा त्या त्या कुटुंबांनीच राखायची होती.

शेळी अडवायची असेल तर

आता तिसरे काम. शेळी, गाय, भटकी कुत्री. ईद-उल-अजहाच्या आधी दारात चार दिवस बांधलेला बकरा शेजाऱ्याची जास्वंद साफ करतो, हा अनुभव कुणाच्या गल्लीत नाही? इथे उंची नको, तळापासून दाट आणि जनावराला न आवडणारे झाड हवे.

कोयनेल यात पहिली. खाडीकाठी, कांदळवनाजवळ ती आपोआप उगवते. पाने कडू, म्हणून जनावरे तोंड लावत नाहीत. खारी जमीन चालते, काडी लावली की फुटते. अडुळशालाही शेळी तोंड लावत नाही. आत कोणी घुसूच नये असे वाटत असेल तर करवंद. काटेरी, बाराही महिने हिरवे, वर लोणच्याला फळे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मिठावरचा कर चुकवणाऱ्यांना अडवण्यासाठी देशाच्या मधोमध शेकडो मैल काटेरी कुंपण वाढवले होते. ही जकातीची सीमा खाली बऱ्हाणपूरकडेही आली होती. त्यात बोर, बाभूळ, करवंद यांचाच भरणा होता. १८७९ मध्ये ती सीमा मोडीत निघाली आणि कुंपण रानात मिसळून गेले. मिठागरांच्या या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी ही हकिकत.

दोन-तीन झाडांबाबत मात्र सावध राहायला हवे. कण्हेर आणि पिवळी बिट्टी कुंपणाला देखणी दिसतात, पण दोन्ही विषारी आहेत. लहान मुले आणि शेळ्या असलेल्या घरी ती नकोत. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते. आणि सध्या जिकडेतिकडे दिसणारा कोनोकार्पस. आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या माणसांनी तो तिथल्या रस्त्यांच्या कडेला पाहिलेला असतो. उन्हात, खाऱ्या पाण्यात हिरवागार राहतो आणि भराभर वाढतो, म्हणून कौतुकही असते. पण शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. थंडीत येणाऱ्या फुलांच्या परागांमुळे सर्दी, खोकला, दम्याचा त्रास होतो आणि मुळे पाण्याच्या व सांडपाण्याच्या वाहिन्या बिघडवतात, ही कारणे दिली गेली. घरात दम्याचा रुग्ण असेल तर झटपट पडद्याच्या मोहात पडू नये.

मेंदीची वई

आपल्या घरांना सर्वांत जवळची वई मेंदीचीच. तिची लागवड स्वस्त आहे. पेन्सिलीएवढ्या जाड, हातभर काड्या पावसाच्या तोंडावर लावायच्या. दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर खणून त्यात शेणखत मिसळलेली माती जमिनीपेक्षा थोडी उंच भरायची, म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही. दोन ओळी, एकमेकींच्या फटीत, काड्यांत एक फूट अंतर. ४० फुटांच्या वईला साधारण ८० काड्या लागतात. काही मरतात, म्हणून शंभर धरा. कुणाच्या तरी घरची जुनी मेंदी छाटायला झालेली असतेच. तिथून काड्या फुकट मिळतात.

रोपवाटिकेतून आणणार असाल तर एक गोष्ट तपासा. 'मेंदी' किंवा 'विलायती मेंदी' या नावाने कुंपणाची दुसरीही झुडपे विकली जातात. त्यांना रंग नसतो. चार पाने चुरगळून, पाण्याचा थेंब टाकून तळहातावर तासभर ठेवा. हात रंगला तर खरी मेंदी. ईदच्या आदल्या रात्री कोनासाठी बाजारात धावण्यापेक्षा दारची कोवळी पाने वाटलेली केव्हाही बरी. त्यात कसली रसायने नसतात.

वई लावणारे बहुतेक जण एका ठिकाणी कच खातात, ती म्हणजे पहिली छाटणी. रोप दीड-दोन फूट झाले की ते अर्ध्यावर कापावे लागते. एवढे वाढवलेले कापवत नाही. मग शेंडा वर पळतो, तळ उघडा पडतो आणि खालून कुत्री-मांजरे ये-जा करतात. पहिल्या पावसाळ्यात दोनदा छाटले तर झाड तळापासून फुटते. पुढे छाटताना वई खाली रुंद आणि वर निमुळती ठेवावी, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते. वर रुंद झाली की खाली सावली पडते आणि तळ वाळतो. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यायला हवे.

वईत साप येतात, ही भीती अनेकींना वाटते. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर उष्ट्या-खरकट्यामागे. वईच्या बुंध्याशी कचरा टाकला नाही, तळातला पाला वेळच्या वेळी काढला आणि चार बोटे माती मोकळी दिसू दिली, तर ही भीती बरीच कमी होते.

बोईसरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही हे वाचून उसासा टाकू नये. गॅलरीच्या कठड्याशी लांबट कुंड्यांत मेंदी किंवा तगर लावली तर बसलेल्या माणसापुरता आडोसा नक्की होतो. कुंड्या कठड्यावर न ठेवता आत, जमिनीवर ठेवाव्यात.

हद्द आणि शेजारी

शेवटचा मुद्दा झाडांचा नाही, माणसांचा आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात दोन भाऊ वाटणीनंतर शेजारी शेजारी राहतात. थोरल्याचे घर समुद्राच्या बाजूला. समोर इमारत झाली तशी त्याने आपल्या अंगणाभोवती नऊ फुटी भिंत घातली. त्यात त्याची चूक काहीच नव्हती. पण ती हद्दीवरची भिंत धाकट्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आली. दुपारचा वारा बंद झाला. धाकट्याच्या बायकोने महिनाभर काही म्हटले नाही. मग एक दिवस ती जावेला म्हणाली, "भाबी, तुमचा पडदा झाला, पण माझी चूल भट्टी झाली." त्यानंतर वर्षभर दोन्ही घरांत बोलणे तुटल्यासारखेच होते. शेवटी घरातल्या वडीलधाऱ्या फुफीने दोघांना समोरासमोर बसवले. भिंतीचा वरचा चार फुटांचा भाग उतरवला गेला आणि दोन्ही बाजूंनी कोयनेल व मेंदी लावली गेली. वई भिंतीच्या वर यायला दोन पावसाळे लागले. आता वारा येतो, नजर येत नाही. मधल्या वर्षभरातले बोल मात्र अजून अधूनमधून निघतात.

शेजाऱ्याचा हक्क आपल्याकडे किती मोठा मानला जातो, हे वेगळे सांगायला नको. भिंत असो की झाड, आधी त्याच्याकडे जाऊन बोलावे. हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. झाड मोठे झाल्यावर वाद मिटवणे फार अवघड. वई आपल्या हद्दीच्या दीड-दोन फूट आत लावावी, म्हणजे छाटायला दुसऱ्याच्या जागेत पाय टाकावा लागत नाही. मोठी झाडे आणखी बरीच आत.

कायद्याचेही भान हवे. शहरी भागात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागू होतो, आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच यांसारखी झाडे आहेत. आज हौसेने बांधावर जांभूळ लावले आणि उद्या तिथे खोली बांधायची झाली तर परवानगीशिवाय ते तोडता येणार नाही. म्हणून पुढे बांधकाम होण्याची शक्यता असेल तिथे वईच बरी.

रोपांची चौकशी सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेत करता येते. डहाणू भागातल्या वाचकांना कोसबाड टेकडीवरचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे, आणि पालघरला कोकण कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. जाताना जमिनीचा नमुना, समुद्रापासूनचे अंतर आणि 'मला काय अडवायचे आहे' या प्रश्नाचे उत्तर सोबत न्या.

मृगाचा पाऊस पडायच्या आत चर खणून ठेवायला हवा. त्याआधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी अंगणात बसून पाहावे, कुठून दिसते, कुठून वारा येतो, कुठून बकरी शिरते. आईला, सासूला, घरातल्या मुलींना आधी विचारा. अंगण सर्वांत जास्त त्या वापरतात आणि आडोसा कुठे हवा हे त्यांना नेमके ठाऊक असते.